सर्वोत्कृष्ट सून कोण? ती सून, की तिचं काम करणारी पोरगी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की आमच्या भागात धान कापणीला येतो आणि टीव्हीवर मालिकांचे पुरस्कार सुरू होतात. मागच्या रविवारी आमच्या घरीही तो सोहळा लागला होता. दिवसभर बांधीत वाकून आलेली बायको भिंतीला टेकून बसली होती, मी खाटेवर होतो. 'सर्वोत्कृष्ट सून' असा पुकारा झाला, टाळ्या झाल्या, भरजरी लुगड्यातली एक मुलगी डोळे पुसत पायऱ्या चढली. बायकोनं विचारलं, "हे बक्षीस कोणाले देऊन राहिले जी? त्या सुनेले, का तिचं काम करणाऱ्या पोरीले?"

मला उत्तर सुचलं नाही. आज चौथा दिवस आहे आणि विळा चालवतानाही तोच प्रश्न डोक्यात फिरतो आहे. आपल्या पेपरात त्या सोहळ्याचे अर्धं पान फोटो आले, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहितो. लांबलं तर कृपा करून कापू नका.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला साडेतीन एकराचा धान उत्पादक. पावसाळ्यात शेती, आणि भाऊबीजेपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटक कंपन्यांत प्रॉम्प्टर (नटाला आडून संवाद पुरवणारा), असं एकतीस वर्षं केलं. कान कमी झाले तेव्हा थांबलो. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि कोंबडं आरवेपर्यंत चालतं. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, त्या रात्री गावात नाटक असतंच. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला पन्नासावर कंपन्या आहेत. कलावंत आज या गावात एक नाटक करतो, उद्या पन्नास मैलांवर दुसरं. तालमीला वेळ कुठून येणार? म्हणून प्रॉम्प्टर लागतो. वही मांडीवर, डोळा नटाच्या ओठांवर, आणि आवाज इतकाच की पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाऊ नये.

त्या जागेवरून एक गोष्ट दिसते जी प्रेक्षकाला दिसत नाही. एकच भूमिका मी नऊ-नऊ, दहा-दहा माणसांना करताना पाहिली आहे. तीच विधवा आई, तेच संवाद, तोच तिसरा अंक. एकीच्या वेळी बाया पदर डोळ्यांना लावायच्या, दुसरीच्या वेळी चहाच्या टपरीकडे उठून जायच्या. शब्द एकच होते, ते मीच पुरवत होतो. मग फरक कुठून आला? तो फरक म्हणजे अभिनय. आमच्या भागातल्या निरक्षर म्हातारीलाही तो कळतो, कारण तिनं तीच भूमिका चार जणींची पाहिलेली असते. "औंदाची आई मागच्या सालीसारखी नोहे," असं ती तोंडावर सांगते.

टीव्हीवर ही सोय नाही. तिथं एका भूमिकेला एकच चेहरा. रोज रात्री आठ वाजता तो आपल्या घरात येतो, तीन-तीन वर्षं येतो. सोसणाऱ्या सुनेचा आपल्याला लळा लागतो, कपटी नणंदेचा राग येतो. आणि वर्षाच्या शेवटी त्या लळ्यालाच आपण मत देतो. लेखकानं ज्या बाईवर सगळ्यात जास्त अन्याय लिहिला, तिच्याकडे बक्षीस जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पुरस्कारांची नावंच पाहा ना: सर्वोत्कृष्ट सासू, सून, जावई, जोडी, कुटुंब. ही नात्यांची नावं आहेत, कामाची नाहीत.

मधेच कधी नट मालिका सोडतो आणि त्या जागी दुसरा येतो. झाडीपट्टीची परीक्षा टीव्हीवर होते ती त्या वेळी. आठवडाभर घरोघरी कुरकुर, मग सगळे विसरतात. माझ्या मते त्या आठवड्यात दोघांची कामं शेजारी-शेजारी ठेवून पाहायला हवीत. आमच्या सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात नवं वाण जुन्या वाणाच्या बाजूला, त्याच मातीत लावून पाहतात. शेतकऱ्याला पारख करायची म्हटली की हीच रीत ठाऊक.

एक रात्र सांगतो. वीसेक वर्षं झाली असतील. नागभीडकडच्या एका गावात प्रयोग होता, थंडी मरणाची होती, लोक घोंगडी घेऊन बसले होते. शेवटच्या अंकात मुलाचा मृत्यू कळल्यावर आईचं मोठं भाषण होतं, वहीत पाऊण पान. बाई उभी राहिली आणि बोललीच नाही. मला वाटलं विसरली. मी पहिलं वाक्य दिलं, मग जरा मोठ्यानं दिलं, तिसऱ्यांदाही दिलं. तिनं पाठीमागे नेलेल्या हाताची बोटं हळूच हलवली: थांब. मग ती खाली बसली, मुलाची चप्पल उचलली, पदरानं पुसली आणि जोडीनं नीट लावून ठेवली. दीड-दोन हजार माणसं होती आणि ऑर्गनवाल्यानंही हात उचलून घेतला होता. ते पाऊण पान तिनं त्या रात्री बोललंच नाही. लेखकाचा आणि माझा, दोघांचाही मान राखून मी सांगतो, तिथं त्या शब्दांची गरज नव्हती. सकाळी तिला ठरलेली नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, मिळाली, ट्रॅक्सच्या मागच्या सीटवर बसून ती पुढच्या गावाला गेली. तिचं नाव मी लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही.

मला टीव्हीच्या नटांना कमी लेखायचं नाही. उलट त्यांच्याच बाजूनं मी लिहितो आहे. सात-आठ वर्षांपूर्वी मालिकेतले एक ज्येष्ठ नट आमच्या कंपनीत पाहुणे कलावंत म्हणून आले होते. पहाटे तीनला, दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मधे, शेकोटीपाशी आम्ही चहा घेतला. मी विचारलं, तिकडे प्रॉम्प्टर असतो का? ते म्हणाले, संवादाचे कागद पुष्कळदा सकाळी सेटवर गेल्यावरच हातात येतात, बारा-बारा तास काम चालतं, एका दिवसात इतके प्रसंग उरकायचे असतात की संध्याकाळी आपण काय बोललो हेही आठवत नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरलो नाही. बापलेकीचा निरोपाचा प्रसंग होता. लेकीचं काम करणारी मुलगी तिच्या भागाचं चित्रीकरण आटोपून दुसऱ्या खोलीत निघून गेली होती. ह्यांनी भिंतीवर चिकटवलेल्या कागदाच्या खुणेकडे पाहून आपली वाक्यं म्हटली आणि रडले. "समोर माणूस नाही आणि तरी रडायचं, दादा," ते म्हणाले, "आणि ते खरं दिसायला हवं."

हे ऐकल्यापासून मी मालिका वेगळ्या नजरेनं पाहतो. कोणाच्या डोळ्यात समोरचा माणूस दिसतो आणि कोणाच्या डोळ्यात नुसती खूण, हे मला कळायला लागलं आहे. ज्याला खुणेतही माणूस दिसतो तो मोठा नट. तो बहुतेक वेळा नायक नसतो. सासरा असतो, घरची स्वयंपाकीण असते, दोन भागांसाठी आलेला डॉक्टर असतो. त्याच्या वाट्याला अख्ख्या सोहळ्यात फार तर एक 'सहाय्यक' नावाचं बक्षीस. ते देताना त्याच्या कामाचा एखादा प्रसंगही पुरता दाखवत नाहीत. नृत्याला मात्र पंधरा-पंधरा मिनिटं असतात.

दुसरं, हे सोहळे बहुतेक त्या-त्या वाहिनीचे स्वतःचे असतात. वाहिनी आपल्याच मालिकांतून निवड करते आणि आपल्याच मंचावर बक्षीस देते. घरच्या लेकरांचं कौतुक घरच्यांनी करावं, त्यात वाईट काही नाही. वर्षभर राबलेल्या माणसांना एक संध्याकाळ मिळते, हे चांगलंच आहे. पण मग त्याला कौतुक म्हणावं. 'सर्वोत्कृष्ट' हा शब्द लावायचा तर शेजारच्या खळ्यावरचं धानही आपल्या धानाशेजारी ठेवावं लागतं.

लोकांच्या मतांनी निवड होते, असं सांगतात. कोणत्या लोकांच्या? माझ्या घरी मोबाइलची रेंज अंगणातल्या आंब्याखाली येते. मालिका सगळ्यात मन लावून पाहणारी माझी बायको, तिला मत कसं द्यायचं ते ठाऊक नाही. आणि वर्षभर कुठली मालिका जगेल, कुठली मरेल, ते टीआरपीवर ठरतं. 2015 पर्यंत त्या मोजणीत खेड्यातली घरं धरलेलीच नव्हती. त्या वर्षी बार्क या संस्थेनं ग्रामीण भाग मोजायला घेतला. म्हणजे आमच्याकडे टीव्ही आल्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं आम्ही पाहत होतो आणि हिशेबात नव्हतो. आज साऱ्या देशातल्या पन्नास हजारांवर घरांत ही मोजणी करणारं यंत्र आहे आणि त्यावरून कोट्यवधी घरांचा अंदाज बांधतात. अंदाज म्हणून ते ठीक असेल. पण किती घरांत टीव्ही चालू होता यावरून त्या बाईनं चप्पल कशी पुसली हे कसं कळणार?

त्यातून आणखी एक नुकसान होतं. जी मालिका चालते ती ताणली जाते. गोष्ट संपलेली असते, माणसं संपत नाहीत. पहिल्या शंभर भागांत ज्या मुलीनं जीव ओतून काम केलं, तिला चारशेव्या भागात तेच रडणं परत रडावं लागतं. आणि एखादी मालिका आपली गोष्ट सांगून सात-आठ महिन्यांत मानानं थांबली, तर बक्षिसाच्या दिवशी ती मांडवातच नसते. पूर्ण झालेल्या कामाचा विचार होत नाही. आमच्या राज्य नाट्य स्पर्धेवर लोक वर्षानुवर्षं रुसतात, निकालावर भांडणं होतात, मीही भांडलो आहे. पण तिथं परीक्षक पहिल्या घंटेपासून शेवटचा पडदा पडेपर्यंत समोर बसलेले असतात. तीनशे भागांची मालिका अख्खी पाहून निकाल देणारा परीक्षक कोण आहे? असेल तर त्याचं नाव जाहीर करावं, मी त्याला नमस्कार करीन.

माझी मुलगी नागपूरला नोकरी करते. ती म्हणाली, बाबा, हे आपल्याकडेच नाही. अमेरिकेत एमी नावाचा टीव्हीचा सगळ्यात मोठा पुरस्कार आहे, त्या व्यवसायातली हजारो माणसं मतदान करतात. तिथं 'द वायर' नावाची मालिका 2002 ते 2008 अशी चालली, जाणकार तिला आजही सगळ्यात वरच्या रांगेत बसवतात, आणि तिला एकही एमी मिळाला नाही. 'बेटर कॉल सॉल'ला 53 नामांकनं मिळाली आणि पुरस्कार शून्य. मी या मालिका पाहिलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्या कामावर बोलत नाही. पण तिथली एक पद्धत मला पटली. संपणाऱ्या, मोजक्या भागांच्या मालिकांसाठी त्यांचा वेगळा विभाग आहे, आणि नटाला आपल्या कामाचा एक अख्खा भाग मतदारांपुढे ठेवावा लागतो. अख्खा भाग, नुसता चेहरा नाही.

आपल्या देशात चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार 1954 पासून आहेत. टीव्हीच्या मालिकांना त्यात जागा नाही. चिमणराव म्हटलं की अजून दिलीप प्रभावळकर डोळ्यांपुढे येतात, त्या दूरदर्शनच्या कामाला राष्ट्रीय पुरस्काराची वाटच नव्हती. पुढे 2006 च्या चित्रपटांतल्या कामासाठी तो त्यांना मिळाला. नट तोच होता, पडदा बदलला. 2023 पासून गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात वेब मालिकांसाठी एक पुरस्कार सुरू झाला आहे. पहिल्या वर्षी तो 'पंचायत'च्या दुसऱ्या पर्वाला मिळाला आणि 2024 साली 'लंपन' या मराठी मालिकेला. 'लंपन' मी मुलीच्या फोनवर पाहिली. सगळ्या भाषांमधून निवडलेली ती मराठी मालिका, आणि आमच्या गावात ती पाहिलेली तीन माणसं आहेत. कारण ती टीव्हीवर लागत नाही, पैसे भरून फोनवर पाहावी लागते. म्हणजे जिथं कसून परीक्षा होते ते काम आमच्यापर्यंत पोचत नाही, आणि जे रोज पोचतं त्याची परीक्षा होत नाही.

कोणी म्हणेल, धान कापणाऱ्या माणसाला याचं काय पडलं आहे? पडलं आहे, कारण टीव्हीचं बक्षीस पुढे आमच्या मांडवात येतं. झाडीपट्टीत गर्दी खेचायला आता मालिकेतले कलावंत आणतात. पोस्टरवर 'मालिका फेम' असं ठळक लिहितात, बक्षीस मिळालेलं असेल तर 'पुरस्कारप्राप्त'ही. त्यांचा फोटो मोठा, नाईटही मोठी. मी वर ज्यांच्याविषयी लिहिलं तसे मनापासून काम करणारे पाहुणेही येतात, आणि एकदाच तालीम करून आमच्या वहीवर रात्र काढणारेही. त्यांना मीच शब्द पुरवले आहेत. त्याच पोस्टरवर तीस वर्षं या मातीत काम केलेल्या बाईचा फोटो खालच्या कोपऱ्यात, रुपयाच्या नाण्याएवढा. मागच्या साली एका कंपनीच्या पोस्टरवर मी तो पाहिला आणि बसस्टँडवर उभ्याउभ्या माझ्या पोटात तुटलं.

आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकडाभर शेतात निवड करून-करून धानाचं एक वाण काढलं. तो एचएमटी तांदूळ साऱ्या देशानं खाल्ला. वाणाला नाव पडलं ते त्या काळी गाजलेल्या घड्याळाचं. 2018 साली दादाजी गेले तेव्हा रोज तो भात खाणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव ठाऊक होतं? सुनेला मिळालेलं बक्षीस पाहिलं की मला तेच आठवतं.

आमच्या बोलीचंही थोडं लिहितो. टीव्हीवर विदर्भाचा माणूस दिसतो तो बहुधा हसवायला. विनोदी नट भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली घराघरात नेली याचा आम्हाला आनंद आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेतली नागपूरकडची राधिका अनिता दाते यांनी केली, त्या मूळच्या नाशिकच्या, तरी त्यांनी बोलीवर मेहनत घेतली आणि ती नायिका होती, विनोदी पात्र नव्हती. हेही आमच्या बायांना फार आवडलं. पण झाडीबोली बोलणारा बाप, जो हसवत नाही, नुसता कर्जाचा कागद हातात घेऊन बसतो, असं पात्र मी अजून मालिकेत पाहिलं नाही. ते करू शकतील अशी किमान पाच माणसं मी आपल्याला वडशातच दाखवू शकतो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांनी हजारो प्रयोग केले, शेती सांभाळून. 2023 साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. त्या दिवशी आमच्याकडे दिवाळीसारखे फटाके फुटले होते. देशाला ते काम दिसलं, मग मालिकावाल्यांना ही माणसं का दिसत नाहीत?

आता आपल्याला विनंती. वाहिन्यांना मी काही सांगत नाही, त्यांचा धंदा आहे. पण आपला पेपर नाटकाचं परीक्षण छापतो, दर शुक्रवारी लागलेल्या सिनेमाचं छापतो. आमच्या तालुक्यात वर्षाकाठी सिनेमा पाहणारे थोडे आणि रोज रात्री मालिका पाहणारे गावंच्या गावं. त्या मालिकांचं परीक्षण का छापत नाही? मालिकेतल्या पात्रांच्या लग्नाच्या बातम्या येतात, कोणती मालिका कितव्या क्रमांकावर ते येतं. एखाद्या नटानं मंगळवारच्या भागात काय केलं, ते कोणी लिहीत नाही. एखादी मालिका संपली की तिची पहिल्यापासून शेवटपर्यंत पारख करणारा एक लेख आपण छापावा. परीक्षकांत एक माणूस झाडीपट्टीचा घ्यावा, एक कोकणातला, एक मराठवाड्यातला. पुरस्कार वगैरे नको. नुसतं नाव, भूमिका आणि त्या माणसानं काय केलं, एवढं छापून आलं तरी ते कात्रण तो नट जन्मभर जपून ठेवील. माझ्या ट्रंकेत 1998 सालचं असं एक कात्रण आहे, त्यात माझं नावही नाही, आमच्या प्रयोगाविषयी चार ओळी आहेत.

प्रॉम्प्टिंग सुटल्यापासून मी मालिका पाहताना वही घेऊन बसतो. सवय. "तुम्ही त टीव्ही पाहून राहिले का हिशेब लिहून राहिले जी?" असं बायको विचारते. त्यात मी तारीख, मालिका आणि आवडलेलं काम लिहितो. दोन वर्षांत एकशे चौदा नोंदी झाल्या आहेत. आपल्याला उपयोग होत असेल तर वहीची झेरॉक्स पाठवतो. कालची नोंद अशी आहे: 'घरात वाटणीचं भांडण. स्वयंपाकीण दारात ताट घेऊन उभी. एकही वाक्य नाही. मोठा मुलगा आईवर ओरडतो तेव्हा तिनं ताटावर पदर झाकला. नाव समजलं नाही, शेवटी पाट्या फार भराभर गेल्या.'

ते नाव आपल्या वार्ताहरांपैकी कोणी शोधून काढलं तर मला कळवावं.

आपला,
एक जुना प्रॉम्प्टर
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर